मडगार्डपाशी चालणारा

८ जानेवारी

प्रिय घड्याळा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. कासव अजून जिवंत आहे, आणि सूनबाईंच्या मते गरजेपेक्षा जास्तच जिवंत आहे. रोज सकाळी मुलाची गाडी धुतो आणि रोज संध्याकाळी बोलणी खातो, की बाबा, कालच धुतली होती.

काल गॅरेजच्या मॅडम घरी आल्या होत्या. नवीन आहेत, वयानं तुझ्या लेकीएवढ्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि म्हणाल्या, काका, लांब गाडी शेवटची बाहेर काढायची आहे. मार्चमध्ये बाईंना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी निवासाच्या फाटकापासून संग्रहालयापर्यंत गाडी न्यायची, मागची बैठक रिकामी ठेवून. देशाच्या अध्यक्षपदावर बसलेल्या बाई या गाडीतून लोकांसमोर जायच्या, तर लोकांनी एकदा ती रिकामी जागा बघावी, असं वरच्यांच्या मनात आहे. मग संग्रहालयात नेऊन टाकीतलं पेट्रोल काढायचं, चाकांखाली ठोकळे द्यायचे, भोवती दोरी बांधायची. संपलं. हे ऐकताना मी चहा ढवळत राहिलो, आणि सूनबाई म्हणाली, बाबा, त्यात साखर घातलेलीच नाही.

मॅडमनी विचारलं, एवढी जड गाडी माणसाच्या चालीनं तासन्तास कशी चालवायचात? काटा तर हलतच नसेल. मी म्हटलं, काट्याकडे कोण बघतंय! माझ्या बाजूच्या मडगार्डपाशी आमचं घड्याळ चालायचं. त्याची टाच उचलली की क्लच थोडा सोडायचा, टाच टेकली की दाबायचा. सगळी हयात मी रस्ता पाहिलाच नाही, एका माणसाच्या बुटाची टाच पाहिली. त्यांना ती थट्टा वाटली. मग मी आरशाचंही सांगितलं, की मिरवणुकीच्या दिवशी आतला आरसा छताकडे फिरवायचा, म्हणजे चालकाची नजर मागे बसलेल्या माणसावर पडत नाही. पुढे टाच आणि मागे काही नाही, एवढंच माझं जग.

तर मी त्यांना स्पष्ट सांगितलं, चालवीन, पण मडगार्डपाशी घड्याळच पाहिजे. ते नसेल तर तुमचा कोणीही पोरगा न्या. मॅडम कबूल झाल्या. आता तू नाही म्हणालास तर माझं नाक कापलं जाईल, तेव्हा निमूट ये. पालिश लावून बूट काढून ठेव.

आठवतं का, निघण्याआधी तू दार लावायचास आणि बाई काचेतून तुला विचारायच्या, "पाय कसा आहे?" दर वेळी. मला मात्र एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाही, हात कसा आहे म्हणून. अजून राग आहे मला त्याचा.

लेकीला आशीर्वाद.

तुझा
कासव


२० जानेवारी

प्रिय कासवा,

तुझं पत्र आलं, बरं वाटलं. लेकीनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि नाक कापण्याच्या ठिकाणी दोघंही हसलो.

गाडीचं ऐकून मात्र जीव कसातरी झाला. ती दोरीच्या आत उभी राहणार हे मनाला पटत नाही. मागच्या बैठकीचं ते मऊ कापड, पुढची तुझी चामड्याची फळीसारखी बैठक, आणि ते मागचं दार, दोनदा आवाज आल्याशिवाय नीट न लागणारं. त्याला सांभाळून घ्यायला सांग त्या लोकांना.

राहिली गोष्ट माझी. अरे, मी आता चालून दाखवण्याच्या वयाचा आहे का? बूट केव्हाच देऊन टाकले. गुडघे कुरकुरतात, थंडीत तर विचारू नकोस. अंगरक्षकांच्या तुकडीत आता उंचेपुरे देखणे जवान आहेत. त्यांच्यातला एखादा उभा कर, त्याला दोन दिवस तालीम दे. लोकांना काय, मडगार्डपाशी कोणीतरी चाललेलं दिसलं म्हणजे झालं. तू चालव. तुझ्याशिवाय ती गाडी कोणाचं ऐकायची नाही. मी इथून दूरचित्रवाणीवर बघेन आणि लेकीला दाखवेन, तो बघ, तो टकलू दिसतो ना, तो माझा मित्र.

मनाला लावून घेऊ नकोस. वहिनींना नमस्कार. त्यांची तब्येत आता कशी आहे?

तुझा
घड्याळ


२७ जानेवारी

घड्याळा,

उत्तर मिळालं. असलं गुळमुळीत उत्तर तुझ्याकडून येईल असं वाटलं नव्हतं.

गुडघे म्हणे. कोणाचे कुरकुरत नाहीत? माझे तर भांडतात. काही तासांचं काम आहे, मध्ये थांबायची सोय करून घेऊ. आणि "मडगार्डपाशी कोणीतरी चाललेलं दिसलं म्हणजे झालं" हे तू लिहितोस? तू? दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर आपण दोघांनी मिळून त्याला फाडून खाल्लं असतं.

मला खरं कारण कळतंय. तू अजून तो हुतात्मा स्मारकाचा दिवस धरून बसला आहेस. गॅरेजमध्ये परत आल्यावर मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडलो होतो ना? पण घडलं तेच बोललो. चौकाच्या वळणावर तू मडगार्ड सोडून मागे गेलास, मला चार पावलं टाच दिसेना, मी आंधळ्यासारखी गाडी नेतोय. आणि परत आलास तो चाल पार मोडून. एक पाऊल लांब, एक आखूड. तुझ्या त्या चालीनं गाडी सारखी हिसके खात होती, बाई आत हिंदकळत होत्या, आणि साऱ्या देशाला वाटलं कासवाला क्लच धरता येत नाही. मग म्हणालो मी, की आमचं घड्याळ आज मागे पडलं, किल्ली द्या कोणीतरी. लोक हसले. तूही हसलास की! तेव्हा हसलास आणि आता इतक्या वर्षांनी त्याचा वचपा काढतोस?

माझ्या हातून शब्द गेला असेल. पण चाल तूच मोडलीस, हेही तितकंच खरं. ते सोडून दे आणि ये. मॅडमना मी तुझं नाव दिलेलं आहे. नाहीतर सरळ लिही, की कासवा, तुझं तोंड बघायचं नाही. म्हणजे मीही सुटलो.

कासव


६ फेब्रुवारी

ती. काकांना नमस्कार.

मी तुमच्या घड्याळाची मुलगी. हे पत्र मी बाबांना न सांगता लिहिते आहे. तुमची पत्रं मीच वाचून दाखवते, त्यांना चष्मा लावूनही बारीक अक्षर नीट दिसत नाही. परवाचं पत्र मी अर्ध्यावर थांबवलं आणि पुढे "बाकी क्षेमकुशल" असं मनानंच म्हटलं. जे तुम्ही लिहिलंत ते मला त्यांच्यासमोर उच्चारता येईना.

काका, बाबांचा डावा पाय नाही. गेल्या थंडीत घोट्याच्या वर कापावा लागला. त्यांनी तुम्हाला कळवू दिलं नाही. रबरी पाय बसवला आहे, त्यावर ते स्वयंपाकघरापर्यंत जातात, अंगणात जातात, कठडा धरून पायऱ्या उतरतात. गुडघे कुरकुरतात हे खोटं आहे. गुडघे चांगले आहेत.

तुम्ही स्मारकाच्या दिवसाचं लिहिलंत म्हणून मलाही लिहिणं भाग आहे. त्या दिवशी बाबांची चाल का मोडली, हे तुम्हाला खरंच माहीत नाही का? तुमच्या गाडीचं मागचं चाक त्यांच्या पायावर चढलं होतं. मी तेव्हा शाळेत होते. आईनं रात्रभर बूट भिजवून कापून काढला, तो आवाज मला अजून आठवतो. दोन बोटांचा चुरा झाला होता. त्याच पायावर ते चौकापासून गॅरेजपर्यंत चालत आले, आणि तिथे तुम्ही सगळ्यांना हसवलंत.

ती बोटं कधी धड झालीच नाहीत. दर हिवाळ्यात चिघळायची. पुढे साखर लागली, आणि जखम वर चढत गेली.

मी लहानपणापासून विचारत आले आहे, बाबा, काकांना का नाही सांगत? ते म्हणायचे, मिरवणुकीत गाडीचा माणसाला धक्का जरी लागला तरी चालकाकडून गाडी काढून घेतात, हा नियम आहे. त्याची गाडी गेली तर तो जगायचा नाही. काका, तुम्ही टाच बघून गाडी चालवायचात असं लिहिलंत. मग त्या दिवशी नेमकं कुठे बघत होतात?

जरा जास्त बोलले असेन तर लहान म्हणून पोटात घाला. पण त्यांना पुन्हा बोलवू नका. पत्र आल्यापासून ते रोज भिंत धरून चालायचा सराव करतात आणि मी बघितलं की थांबतात.

आपली
पुतणीसमान


२ मार्च

प्रिय घड्याळा,

उशीर झाला, माफ कर. माझं मागचं पत्र फाडून टाक. त्यातलं काहीही मनात ठेवू नकोस.

मॅडमना मी नकार कळवला आहे. पाठ धरली आहे, डॉक्टर म्हणतात बसायचं नाही. गॅरेजमधला एक तरणा चालक गाडी नेईल, चांगला मुलगा आहे. तेव्हा तुझ्या येण्याचाही प्रश्न मिटला. आराम कर. खाण्यापिण्याचं सांभाळ. थंडीत बाहेर पडू नकोस.

ही बरी आहे. तुला नमस्कार सांगते.

तुझा
कासव

ता. क. मुलाची गाडी हल्ली धूत नाही.


९ मार्च

प्रिय कासवा,

तुझी पाठ धरली असती तर तू दोन पानं कण्हत लिहिली असतीस. तुझ्या पत्रात एकही शिवी नाही, हे बघूनच मी लेकीला विचारलं, तू त्याला काय लिहिलंस? आधी नाही म्हणाली. मग रडली, आणि तुझं मागचं पत्र शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तिच्यावर रागावू नकोस. पोरीनं आईला त्या बुटाशी झगडताना पाहिलं आहे, तिच्या डोक्यातून ते जात नाही.

आता मी सांगतो ते नीट ऐक, मध्ये बोलू नकोस. पत्रात तसंही तुला बोलता यायचं नाही, म्हणून तर सोय आहे.

चौकात दोन्ही बाजूंनी माणसं लोटली होती. बाई हात हलवायला दारावर रेलल्या, आणि त्या दाराचा दुसऱ्या आवाजाचा खटका सुटला. उघडायला लागलं. त्याच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, तुला माहीतच आहे, एकदा फट पडली की ते आपल्याच वजनानं उघडत जातं. बाई अर्ध्या बाहेर आल्या होत्या. मी मडगार्ड सोडलं, मागे झालो, खांदा लावून दार आत दाबलं. त्यासाठी पाय कुठे रोवायचा? गाडीला लागूनच रोवावा लागला. चाक येतंय हे मला दिसत होतं, कासवा. पाय काढला असता तर दार सुटलं असतं. मी काढला नाही. एवढीच गोष्ट आहे.

तुला हाक मारली असती तर तू करकचून ब्रेक दाबला असतास आणि बाई तोंडावर रस्त्यात पडल्या असत्या. तू त्या वेळी जर काही केलं असतंस तर घात झाला असता. चार पावलं टाच दिसली नाही तरी तू वेग बदलला नाहीस, म्हणूनच ते दार मला लावता आलं. दुसऱ्या कोणत्याही चालकानं मान वळवली असती. तू कुठे बघत होतास म्हणून लेक विचारते. मी तिला सांगितलं, तो जिथे बघायला हवं होतं तिथेच बघत होता.

बाईंनी सगळं पाहिलं. माझ्या तोंडाकडे बघून त्या काही बोलणार होत्या, मी मान हलवली. त्या शहाण्या बाई. तोंड मिटलं ते शेवटपर्यंत. फक्त दर वेळी निघताना विचारायच्या, पाय कसा आहे? तुझा हात धडधाकट होता, तर तुला कशाला विचारतील!

आणि पाय गेला तो साखरेनं. डॉक्टरांनी वर्षानुवर्षं बजावलं, मी चोरून गोड खात राहिलो. बोटं गाडीखाली गेली, पाय माझ्या जिभेनं घालवला. हवं तर त्यातलं अर्धं तू घे, सगळं मी द्यायचा नाही.

गॅरेजमध्ये हसलो ते खरं हसलो होतो. माझी चाल मोडली आणि तुझी गाडी हिसके खायला लागली, म्हणजे तू त्या अवस्थेतही माझ्याच टाचेबरोबर चालत होतास. बूट रक्तानं भरला होता आणि मला वाटत होतं, काय माणूस आहे हा, लंगडलो तर गाडीही लंगडवतो.

आता मॅडमना कळव की पाठ बरी झाली. मी येतोय. मागच्या बैठकीवर बसवण्याची परवानगी वगैरे काढू नकोस, मला तुझा स्वभाव ठाऊक आहे. मागे बसून तुझं टक्कल बघायला मी एवढा प्रवास करायचा का? मी मडगार्डपाशी चालणार. पूर्ण रस्ता जमणार नाही. संग्रहालयाच्या अलीकडच्या वळणापासून दारापर्यंत चालेन. लेक मागून येईल, पडलो तर उचलायला. ती कबूल झाली आहे. म्हणजे तिनं भांडं आपटलं आणि मग कबूल झाली.

तू चालवली नाहीस, तर मी तो पाय कोणासाठी तिथे ठेवला होता?

तुझा
घड्याळ


१४ मार्च

घड्याळा,

पाठ बरी आहे. ये.

कासव


३० मार्च

प्रिय घड्याळा,

तुम्ही दोघं सुखरूप पोचलात हे लेकीच्या फोनवरून कळलं. तिनं फोनवर मला काका म्हटलं, पत्रातल्यासारखं नाही, नेहमीसारखं. मी फोन हिच्याकडे दिला.

त्या दिवशी आपलं बोलणं झालंच नाही. माणसं, फुलं, कॅमेरे, आणि तुला लगेच परतीची आगगाडी गाठायची होती. तू बाहेर होतास, मी काचेच्या आत होतो. आतलं तुला माहीत नाही, ते सांगतो.

सकाळी गाडी काढताना सवयीनं आरशाकडे हात गेला. छताकडे फिरवणार, तोच थांबलो. नाही फिरवला. फाटकापासून त्या वळणापर्यंत मी अधूनमधून मागे बघत गेलो. रिकामी बैठक, आणि ते दार. दोनदा आवाज ऐकून लावलेलं, तरी माझी नजर तिथे जायची. मडगार्डपाशी तुकडीतला जवान होता, चाल अगदी सरळ. बिचारा उत्तम चालला. पण मला काही केल्या त्याची टाच लागेना, हात घामेजले होते. शेजारी मॅडम बसल्या होत्या, त्यांना वाटलं बाईंच्या आठवणीनं झालंय. तेही होतंच.

वळणावर तू उभा दिसलास. जुना कोट. लेकीच्या हातातून तू काठी घेतलीस, बघितलीस, आणि तिला परत दिलीस. तिचा चेहरा मला दिसला. मग जवान बाजूला झाला, तू आलास, मागचं दार हातानं दाबून पाहिलंस, मडगार्डवर थाप मारलीस. पूर्वी मारायचास तशीच.

तुझा उजवा पाय जायचा, मग डावा घासत यायचा, मध्ये जरा थांबायचा. मी क्लच सोडला, दाबला, धरून ठेवला, पुन्हा सोडला. गाडी हिसका देऊन पुढे, मग जागच्या जागी, मग पुन्हा. कडेची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. झेंड्याची काडी मडगार्डवर सारखी डुलत होती. इंजिन तापायला लागलं, वास येऊ लागला. मला दुसरं काही दिसत नव्हतं. तो रबरी टाचेचा बूट, त्याला तू पालिश लावलं होतंस, खोटं कशाला बोलतोस की बूट देऊन टाकले. एकदा तू डगमगलास. लेकीनं हात पुढे केला, मी गाडी जागीच धरली, तू सावरलास. बाईंची ती सगळी गाडी, ते सगळे साहेब, ती सलामी देणारी तुकडी, तुझ्या पुढच्या पावलासाठी थांबून राहिली.

तेव्हा मॅडमनी हळूच विचारलं, "काका, गाडीत बिघाड आहे का? थांबवायची का?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. गाडी धड आहे. पुढचा माणूस जसा चालतोय तशी ती चालते."

थोड्या वेळानं बघतो तर त्याही तुझ्या पायाकडे बघत होत्या.

आत गेल्यावर किल्ली फिरवली आणि बसून राहिलो. गॅरेजची जुनी मंडळी भोवती उभी होती, त्या दिवशी हसलेल्यांपैकी बरीच. उतरून मी त्यांना सांगितलं, ऐका रे, स्मारकाच्या दिवशी मी जे बोललो ते चूक होतं, घड्याळाची चाल एकदाही मोडली नव्हती. तू तेव्हा बाहेर खुर्चीवर पाय मोकळा करत होतास, तुला ऐकू आलं नसेल. म्हणून लिहून कळवतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली. वळणावर तू दार दाबून थाप मारलीस, त्याआधी क्षणभर थांबलास. सवयीनं थांबलास. आतून बाई विचारायच्या तो क्षण. मागे कोणी नव्हतं विचारायला. मी काच खाली घेतली होती, विचारायचं ठरवूनही आलो होतो, पण शब्द जुळवेपर्यंत तू थाप मारून पुढे झालास.

म्हणून आता विचारतो. यापुढे प्रत्येक पत्रात विचारीन, आणि तू खरं उत्तर द्यायचंस.

पाय कसा आहे?

तुझा
कासव